शेवटची जागा

मैदानावर एक जागा अशी असते, की तिथे उभ्या असलेल्या माणसाची लोकांना आठवण होते ती तो चुकला म्हणजेच. सामना रंगात आलेला असतो, चेंडू पलीकडच्या गोलापाशी खेळत असतो, प्रेक्षक पुढच्या फळीतल्या खेळाडूंची नावे घेऊन ओरडत असतात. त्या वेळी अलीकडच्या टोकाला, पायांना जाडजूड पॅड बांधून कुणी एकटे उभे आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसते. मग एखादा चेंडू येतो. अडवला तर ‘अडवायलाच हवा होता’, आणि सुटला तर ‘एवढासुद्धा अडवता आला नाही?’ हॉकीतल्या गोलरक्षकाचे सारे आयुष्य या दोन वाक्यांच्या मध्ये असते.

मी ही जागा मागून घेतलेली नाही. ती माझ्या वाट्याला आली.

माझे बालपण खडकीत गेले. एका बाजूला लष्कराच्या बराकी, दुसऱ्या बाजूला दारूगोळ्याचे कारखाने आणि मधोमध कामगारांच्या वसाहती, असे आमचे गाव. पुण्यात असून पुण्यापासून थोडे निराळे. इथे मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी या सगळ्या भाषा एकाच नळावर पाणी भरतात. गोऱ्या पलटणींबरोबर हॉकी इथे आली. पलटणी गेल्या आणि हॉकी राहिली. इतर ठिकाणची मुले फळीचा तुकडा हाती लागला की क्रिकेट मांडतात. आमच्याकडची मुले टोकाला वाकलेली फांदी शोधत हिंडत. कुणाची स्टिक मोडली तर ती टाकून देण्याची पद्धत नव्हती. तिला सुतळी गुंडाळायची, वर चिकटपट्टी लावायची आणि ती धाकट्या भावाच्या हाती द्यायची. पुस्तके जशी एका भावाकडून दुसऱ्याकडे जातात तशा आमच्याकडे स्टिका जात.

याच खडकीत धनराज पिल्ले लहानाचा मोठा झाला. वडील मैदानाची निगा राखणारे कामगार, घर ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळायला शिकलेला हा मुलगा पुढे १९९२, १९९६, २००० आणि २००४ अशा चार ऑलिंपिक स्पर्धा खेळला आणि १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला धनराज व्हायचे असे. सगळ्यांनाच पुढच्या फळीत खेळायचे असे, सगळ्यांनाच केस उडवीत चेंडू घेऊन धावायचे असे. मग दोन विटांच्या मध्ये उभे कोणी राहायचे? मी धावण्यात मंद, अंगाने जरा जड, आणि त्यात मुलगी. “तू मागं उभी राहा,” असे मला सांगण्यात आले आणि मी उभी राहिले. आजपर्यंत उभीच आहे.

महाविद्यालयात आल्यावर हॉकीच्या पहिल्या सरावाला सरांनी विचारले, “गोलकीपर कोण?” सगळ्या मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. मी हात वर केला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवर जी सुटका दिसली, ती मी विसरणार नाही. जिमखान्याच्या खोलीतून मला पॅड, पायांतले किकर, छातीचे कवच आणि हेल्मेट मिळाले. माझ्याआधी किती जणींचा घाम त्यात जिरला होता कोण जाणे! पहिले आठ दिवस त्या वासाने माझे डोके दुखे. पुढे तो वास आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखे वाटू लागले.

हळूहळू त्या जागेवर माझा जीव जडला. तिचे एक सुख आहे, ते बाकीच्या दहाजणींना कधीच कळायचे नाही. गोलरक्षकाला सारे मैदान समोरून दिसते. कोण थकले आहे, कोण रागावले आहे, कोणाच्या पाठीमागून प्रतिस्पर्धी सरकत येत आहे, हे तिला सगळ्यांच्या आधी कळते. आमचे मैदान मुरुमाचे. त्यावर फक्कीने आखलेल्या डीच्या आत मी उभी असते आणि सारखी ओरडत असते, “डावीकडे बघ!”, “माघारी ये!”, “चेंडू सोड, माणूस धर!” घरी मी फारशी बोलत नाही. आई म्हणते, ही पोरगी सगळे बोलणे मैदानावर संपवून येते.

मागच्या हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही प्रथमच उपान्त्य फेरीपर्यंत पोचलो. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला आणि शूट-आऊट करायचे ठरले. हा प्रकार ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. समोरच्या संघातली एक मुलगी तेवीस मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन निघते. तिच्यापुढे फक्त गोलरक्षक. आठ सेकंदांत तिने गोल करायचा आणि आपण तो होऊ द्यायचा नाही. अशा दोन्ही बाजूंच्या पाच-पाच संधी. आठ सेकंद म्हणजे किती, हे घड्याळात पाहून कळत नाही. एखादी मुलगी अंगावर धावून येताना पाहिली की कळते.

आमच्या पाच जणींनी दोन गोल केले. त्यांच्या चार जणींपैकी दोघींना मी अडवले होते. पाचवी निघाली. ती उजवीकडून जाणार असा माझा अंदाज होता. मी पुढे झेपावले, आडवी पडले, आणि पडताक्षणीच मला कळले की मी घाई केली. तिने चेंडू मागे ओढला, शांतपणे एक गिरकी घेतली आणि मोकळ्या गोलात ढकलून दिला. ढकलला म्हणणेही जास्तच होईल. तिने तो नुसता सोडला. फळीला चेंडू लागल्याचा आवाज मी जमिनीवर पडल्या पडल्या ऐकला. मग पलीकडचा जल्लोष.

परतीच्या बसमध्ये कुणी बोलले नाही. खरे तर त्यापेक्षा सगळ्या जणी मोठ्याने भांडल्या असत्या तर बरे झाले असते. तास-दीड तासाने आमच्या पुढच्या फळीतली एक मैत्रीण खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “शेवटचा तरी अडवायचा गं.” ती रागाने म्हणाली नव्हती. ती फार दमली होती. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसले. आमच्याही तिघींचे गोल हुकले होते, त्यात ती स्वतःही होती, हे मला त्या क्षणी आठवलेसुद्धा नाही. मी फक्त माझा एक गोल मोजत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सगळे सामान घेऊन जिमखान्यात गेले. तिथले मामा खिडकीशी बसून फुटबॉलमध्ये हवा भरीत होते.

“मामा, हे जमा करून घ्या.”

“सीझन संपला होय?”

“माझा संपला.”

मामांनी माझ्याकडे पाहिले, पुन्हा फुटबॉलकडे पाहिले. “रजिस्टर सरांच्या कपाटात आहे. किल्ली त्यांच्याकडं. ठेव तिथं कोपऱ्यात.”

मी ठेवले आणि निघून आले.

घरात ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. पण आजोबांच्या नजरेतून काही सुटत नाही. ते चाळीस वर्षे कारखान्यात होते. आवाजावरून यंत्र कुठे बिघडले आहे हे ओळखायची त्यांना सवय. चार-पाच दिवस दाराआड माझी थैली दिसली नाही, तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी मला ओसरीवर बोलावले. त्यांनी विचारले, मी सांगितले. धीर देण्यासारखे काही ते म्हणतील असे मला वाटले होते. पण ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी भलतेच सुरू केले.

“ब्याऐंशी साली दिल्लीला एशियाड झालं. आपल्या वसाहतीच्या क्लबात तेव्हा एकच टीव्ही. फायनल पाकिस्तानबरोबर. अख्खी वसाहत जमली होती. खुर्च्या पुरल्या नाहीत, आम्ही दाराशी उभे. एक गोल झाला, दोन झाले, तीन झाले. सात गोल खाल्ले बघ आपण. सात!”

“माहीत आहे आजोबा.”

“सगळं नाही माहीत तुला. सामना संपला तेव्हा सगळ्यांत आधी ओरडलो तो मी. म्हटलं, गोलकीपर विकला गेला. पैसे खाल्ले त्यानं. माझ्याकडं काय पुरावा होता? काही नाही. पण मी म्हणालो, मग शेजारचा म्हणाला, मग सगळेच म्हणायला लागले. घरी येताना तुझ्या बापाला, पाच-सहा वर्षांचा असेल तो, त्यालासुद्धा मी तेच सांगितलं.” ते थांबले. “परवा तुमची मॅच बघणाऱ्यांतही माझ्यासारखा एखादा असेल.”

एवढे बोलून ते उठले आणि देवापुढे दिवा लावायला गेले. आयुष्यात प्रथमच मी आजोबांना स्वतःविरुद्ध साक्ष देताना पाहिले होते.

त्या आठवड्यात मी ग्रंथालयात बसून जे हाती लागेल ते वाचीत होते. परीक्षा तोंडावर आली होती आणि मी मात्र हॉकीच्या गोलरक्षकांची चरित्रे धुंडाळत होते. आजोबांनी ज्याच्यावर आळ घेतला त्या माणसाचे पुढे काय झाले, हे मला जाणून घ्यायचे होते.

मीर रंजन नेगी हे त्यांचे नाव. १ डिसेंबर १९८२ ला भारत त्या सामन्यात एक विरुद्ध सात असा हरला. समोरचा पाकिस्तानचा संघ त्याच वर्षी मुंबईत विश्वचषक जिंकलेला, त्या काळातला जगातला सर्वोत्तम संघ होता. सात गोल काही एका माणसामुळे होत नाहीत. मधली फळी मोडते, बचाव उघडा पडतो, तेव्हा चेंडू गोलरक्षकापर्यंत पोचतो. पण लोकांना एक माणूस हवा होता आणि तो त्यांना मिळाला. पैसे घेतल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. तो कधीही सिद्ध झाला नाही, पण चिकटला तो चिकटलाच. नेगी खेळापासून दूर गेले.

आणि मग ते परत आले. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेसाठी जो संघ गेला, त्याच्या गोलरक्षकांना शिकवण्याचे काम नेगींकडे होते. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी बरोबरीत सुटला आणि पेनल्टी स्ट्रोकवर निकाल लागायचा होता. म्हणजे सगळा भार पुन्हा एका गोलरक्षकावर! आशिष बल्लाळने ते स्ट्रोक अडवले आणि भारताला बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण मिळाले. आमच्या खडकीच्या धनराजचे जे सुवर्ण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, त्याच्या मागे नेगी उभे होते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. पुढे २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाबरोबरही ते होते, आणि २००७ च्या ‘चक दे! इंडिया’ या चित्रपटातल्या मुलींना हॉकी त्यांनीच शिकवली. तो चित्रपट पाहून आमच्या घरी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. आजोबांच्याही.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली. १९८२ च्या त्याच दिल्लीच्या स्पर्धेत महिलांची हॉकी प्रथमच समाविष्ट झाली होती आणि तिचे सुवर्णपदक भारतानेच जिंकले होते. त्या संघाची कर्णधार एलिझा नेल्सन. जन्माने पुण्याची! मी धावतच घरी गेले.

“आजोबा, त्या एशियाडात मुलींनी गोल्ड मेडल जिंकलं होतं. कॅप्टन आपल्या पुण्याची होती.”

आजोबांनी चष्मा काढला. “खरं सांगतेस?”

“खरंच.”

“आम्हाला काय ते सातच गोल आठवतात बघ,” ते म्हणाले.

हॉकीच्या आपल्या प्रेमाचे वर्म त्या एका वाक्यात आहे असे मला वाटते. जिंकणाऱ्याला आपण देव करतो, हरवणाऱ्याला वैरी, आणि मधल्या सगळ्यांना विसरतो. ॲमस्टरडॅमच्या १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये ध्यानचंदांनी चौदा गोल केले हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याच स्पर्धेत पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही. गोलात होता नागपुरात जन्मलेला रिचर्ड ॲलन. त्याचे नाव किती जणांना माहीत आहे? १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध भारताने चोवीस गोल केले आणि एक घेतला. तो एक झाला तेव्हा ॲलन गोलामागे प्रेक्षकांना सह्या देत होता, असे गमतीने सांगतात. सगळे आयुष्य चेंडू अडवण्यात घालवलेल्या माणसाची एवढी एकच गोष्ट लोकांच्या तोंडी राहावी, याला काय म्हणावे!

पण या वाचनात जो माणूस माझ्या मनात कायमचा घर करून राहिला तो शंकर लक्ष्मण. मध्य प्रदेशातल्या महूचा हा मुलगा. लष्कराच्या बँडमध्ये पोरवयात भरती झाला आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत चढत कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत गेला. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत अडतीस गोल केले आणि एकही घेतला नाही. अंतिम सामन्यात पाकिस्तानवर एका गोलाने मात केली तेव्हा गोलात लक्ष्मण होते. ते ओळीने सहावे सुवर्ण. चार वर्षांनी रोम. पुन्हा अंतिम सामना, पुन्हा पाकिस्तान. या वेळी नसीर अहमदचा एक गोल झाला आणि तेवढाच पुरला. १९२८ पासून जे पदक दुसऱ्या कुणाच्या हाती गेले नव्हते ते त्या एका चेंडूबरोबर गेले.

मी माझ्या लहानशा पराभवाशेजारी तो पराभव ठेवून पाहिला. माझ्या बसमध्ये सोळा मुली होत्या. लक्ष्मण ज्या देशात परतले त्या देशाला हॉकीत हरण्याची सवयच नव्हती. रोमहून परतताना त्यांना किती जणांनी ‘तो एक तरी अडवायचा’ असे म्हटले असेल? तोंडाने नाही, तर डोळ्यांनी?

आणि तरीही १९६४ मध्ये टोकियोला, पुन्हा अंतिम सामन्यात, पुन्हा पाकिस्तानसमोर, त्याच दोन खांबांच्या मध्ये शंकर लक्ष्मण उभे होते. गोलरक्षकाने हेल्मेट घालण्याचा तो काळ नव्हे. पेनल्टी स्ट्रोकवर मोहिंदर लालने भारताचा एकमेव गोल केला आणि उरलेला सगळा वेळ लक्ष्मणांनी पाकिस्तानचे हल्ले परतवले. सुवर्णपदक परत आले. दोन वर्षांनी बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे ते कर्णधार झाले. भारतीय संघाचे नेतृत्व मिळालेले ते पहिले गोलरक्षक. मागे उभ्या राहणाऱ्या माणसाला सगळ्यांच्या पुढे चालायला सांगण्याचा तो एक सुंदर क्षण होता.

चरित्र इथेच संपले असते तर भाषणाला उपयोगी पडले असते. ते इथे संपत नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही आणि त्यांनी हॉकी सोडली ती कायमची. २००६ मध्ये महूलाच ते वारले. पायाला गँगरीन झाले होते, आणि उपचारांसाठी पैशाची ओढाताण होती. ज्या पायांनी देशाचा गोल राखला त्याच पायांवर ही वेळ आली. हे वाचले तेव्हा ग्रंथालयातला पंखा फिरत होता, समोर कुणी नोट्स उतरवून घेत होते, आणि मला मात्र बाहेर जाऊन तोंड धुवावे लागले. शंकर लक्ष्मण हरल्यावर आपल्या जागेवर परत आले. आपण मात्र त्यांच्याकडे परत गेलो नाही. खेळाडूने चिकाटी कशी धरावी हे आपण नेहमी सांगतो. पाहणाऱ्यांनी काय धरावे हे कुणी सांगत नाही.

तरी काही बदलले आहे असेही वाटते. ५ ऑगस्ट २०२१ ची सकाळ मला स्वच्छ आठवते. शाळा-महाविद्यालये बंद होती. सात वाजता मी आणि आजोबा टीव्हीसमोर बसलो. टोकियोत कांस्यपदकासाठी भारत विरुद्ध जर्मनी. पाच-चार अशी आघाडी, आणि शेवटची सहा-सात सेकंदे उरली असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. आजोबा उठून उभे राहिले. श्रीजेशने तो अडवला आणि एकेचाळीस वर्षांनी ऑलिंपिकचे हॉकीपदक भारताला मिळाले. थोड्या वेळाने तो गोलाच्या आडव्या खांबावर चढून बसला. केरळातल्या एका शेतकऱ्याचा हा मुलगा. त्याचे गोलरक्षणाचे सामान घेण्यासाठी वडिलांनी गाय विकली होती. ज्या चौकटीने गोलरक्षकांना इतकी वर्षे फक्त बोल ऐकवले, तिच्यावर सिंहासनासारखा तो बसला होता! २०२४ मध्ये पॅरिसला ब्रिटनविरुद्ध आपला संघ बराच वेळ दहाच खेळाडूंनिशी खेळला. शूट-आऊटमध्ये आपण चार-दोन असे जिंकलो तेव्हाही गोलात तोच होता. कांस्यपदक घेऊन तो निवृत्त झाला आणि त्याच्या सोळा क्रमांकाची जर्सीही त्याच्याबरोबर निवृत्त करण्यात आली.

टोकियोतलाच आणखी एक सामना माझ्या दृष्टीने याहून मोठा. २ ऑगस्ट २०२१, उपान्त्यपूर्व फेरी. गुरजीत कौरचा एक गोल आणि त्या एका गोलाच्या जोरावर ऑस्ट्रेलियासारख्या संघाला रोखून धरणारी सविता पुनिया. हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातल्या जोधकां गावची ही मुलगी. आजोबांच्या आग्रहाने हॉकीत आली, गोलरक्षकाची अवजड थैली घेऊन बसने सरावाला जात राहिली. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाचे पेनल्टी कॉर्नर एकामागून एक आले आणि तिने एकही आत जाऊ दिला नाही. चारच दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात ब्रिटनकडून आपल्या मुली चार-तीन अशा हरल्या. सविता मैदानावर रडत होती. पण त्या दिवशी आमच्या घरात तिला कुणी काही बोलले नाही. आजोबा एवढेच म्हणाले, “चांगली खेळली पोर.” तेव्हा मला त्या वाक्यात काही विशेष वाटले नव्हते. त्याला एकोणचाळीस वर्षे लागली होती, हे मला आज कळते.

प्रेरणा हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. भिंतीवरच्या तक्त्यावर उगवता सूर्य आणि खाली यशाबद्दल एक वाक्य, म्हणजे प्रेरणा. मला त्या तक्त्यांतून कधी काही मिळाले नाही. मला मिळाले ते एवढेच, की रोमनंतर टोकियोपर्यंत चार वर्षे शंकर लक्ष्मण रोज सकाळी पॅड बांधीत असतील. त्या सकाळींचे वर्णन कुठल्याच पुस्तकात नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नसतील. सुटलेला चेंडू डोळ्यांपुढे येत असेल, आणि तरी पुढचा चेंडू पाहण्यासाठी तो बाजूला सारावा लागत असेल. चेंडू सुटला की तो आपलाच असतो, तो दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. पण पुढचा चेंडूही आपलाच असतो, हेही तितकेच खरे.

परीक्षेनंतर एका सकाळी मी जिमखान्यात गेले. माझे सामान त्याच कोपऱ्यात होते. पॅड कुणीतरी उन्हात वाळवून नीट उभे करून ठेवले होते.

“मामा, हे पुन्हा न्यायचं आहे. रजिस्टरात लिहायला पाहिजे ना?”

मामांनी आपल्याच टेबलाचा खण उघडला, रजिस्टर काढले आणि पान माझ्यापुढे धरले. माझ्या नावासमोर सामान दिल्याची तारीख होती. परत केल्याचा रकाना कोरा होता.

“तुम्ही तर म्हणाला होतात, सरांच्या कपाटात आहे.”

“म्हणालो असेन,” मामा म्हणाले आणि खण बंद केला.

मैदानावर मुली आल्या होत्या. नुकतीच फक्की मारली होती, डीची रेघ उन्हात पांढरी स्वच्छ दिसत होती. मी पॅड बांधले, हेल्मेट चढवले आणि जाऊन उभी राहिले. बसमध्ये ते वाक्य बोललेली माझी मैत्रीण चेंडू घेऊन डीच्या टोकाशी आली. क्षणभर ती थांबली. काहीतरी बोलायचे होते तिला, पण तिला ते सुचेना, आणि मलाही ते ऐकायचे नव्हते.

“मार,” मी म्हणाले.

तिने मारला. चेंडू माझ्या डाव्या किकरला घासून आत गेला. मी तो जाळीतून काढून तिच्याकडे परत ढकलला.

“अजून एक मार.”